पानावरून उठायचं नाही

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी ती तोंडातली लवंग काढून रुमालाच्या टोकात बांधायची आणि मग माईकपुढे उभी राहायची. आठ श्लोक, आठ वेगळे राग. शेवटचं ‘सावधान’ झालं, अक्षता पडल्या, बँड सुरू झाला, की रुमाल सोडून तीच लवंग पुन्हा गालात. मग माझ्या कॅमेऱ्याच्या तिपाईशी येऊन हळूच म्हणायची, “भाऊ, मळमळून राह्यलं.”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पोरगी उपाशी आली असेल. मी म्हणालो, “पित्त झालं का? काही खाऊन घे.”

“पोट ठीक हाये. हे लग्न पाहून मळमळते.”

त्या दिवसापासून आमचं जमलं, कारण मलाही मळमळतं. मी मोताळ्याला फोटो-व्हिडिओचा धंदा करतो, वीसेक वर्षं झाली. तुम्ही लग्नाला जाता, जेवता आणि तासाभरात घरी येता. मी हळदीपासून पाठवणीपर्यंत उभा असतो, आणि तुम्ही जे पाहून न पाहिल्यासारखं करता ते मला काचेतून जवळ ओढून दिसतं. लग्नाआधीच्या शूटिंगला नळगंगेच्या धरणावर गुडघाभर पाण्यात नवरीला उचलताना पाय घसरून दोघांनाही गाळात लोळवणारा नवरदेव मी पाहिला आहे, आणि दुसरा शर्ट घालून तोच शॉट पुन्हा घ्यायला लावणाराही तोच. स्टेजवर धूर सोडतात, त्यानं पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांना खोकल्याची उबळ येते. अर्धवट खाल्लेलं पनीर टबात साचतं आणि दुपारच्या उन्हात त्याचा वास मांडवभर फिरतो. नवरीचा बाप प्रत्येकापुढे हात जोडत असतो आणि वराकडचा कुणीतरी उपटसुंभ पाणी थंड नाही म्हणून त्याच्यावर वस्सकन ओरडतो. या सगळ्यावर मी सिनेमाचं गाणं टाकतो आणि पेनड्राइव्ह हातात देतो. शिसारी येते. पण घर त्यावरच चालतं, म्हणून मी तोंड मिटून असतो.

तिला तोंड मिटता येत नव्हतं, एवढाच आमच्यात फरक.

तिचं नाव मी सांगत नाही. कार्यालयांमध्ये तिला सगळे ‘मॅडम’ म्हणत. बुलडाण्याच्या एका शाळामास्तरांची मुलगी, पंचविशीच्या आसपासची, सावळी, घट्ट वेणी घालणारी. अकोल्याच्या एका गुरुजींकडे आठ वर्षं शास्त्रीय गाणं शिकून विशारद झालेली. गुरुजी फार कडक. एकेका ‘सा’वर तास तास बसवायचे. स्वर धुतल्यासारखा स्वच्छ पाहिजे, नाकातून तर मुळीच नको. लवंग त्यांनीच सांगितलेली. त्यांनी ती गळ्यासाठी सांगितली होती, हिनं मळमळीसाठी ठेवली.

मला गाण्यातलं काही कळत नाही. पण ती भूप गायला लागली की जेवणाच्या रांगेत कोपर मारून घुसणारेही जरा थांबायचे. त्यामुळे लग्नसराईत तिला मागणी भरपूर. एकाच दिवशी दोन गावांची लग्नं असली की ती माझ्याच गाडीतून यायची. राजूर घाटाची वळणं संपेपर्यंत तिची तोफ चालू असायची.

“तुम्ही कधी ऐकता का भाऊ, मी काय म्हणते ते? साऱ्या नद्यांची नावं घेते मी, साऱ्या देवांची घेते. नवरीचं नाव कुठी येते का सांगा. जिचं लग्न हाये तिचंच नाव नाही. अन् मी ते सुरात म्हणते. आठ वर्षं शिकून सुरात म्हणते!”

“मग सोडून दे.”

“सोडून काय करू? तुमच्यावानी गाणे चिकटवू?”

असं बोलायची. मला राग यायचा नाही, कारण खोटं नव्हतं.

एकदा धामणगाव बढ्याच्या लग्नात मुहूर्ताला दहा मिनिटं उरली आणि मॅडम गायब. भटजी घड्याळ दाखवून राहिलेले, नवरदेवाचा मामा माझ्यावरच डाफरतोय. मी शोधत स्वयंपाकाच्या मागच्या शेडमध्ये गेलो तर ही बट्ट्या वळणाऱ्या बायांपुढे उकिडवी बसलेली, मांडीवर तिचा किबोर्ड. समोर सत्तरीच्या घरातली एक मावशी कणकेचा गोळा फिरवत नाकातून काहीतरी म्हणत होती, आणि ही एकेक पट्टी दाबून तिचा सूर शोधत होती. एक पट्टी दाबली तर सूर तिच्या खाली राहायचा, शेजारची दाबली तर वर निसटायचा.

“सापडूनच नाही राह्यला,” ती कपाळाला हात लावून म्हणाली.

मावशीनं कणीक थापटली. “त्या पेटीत कुठून सापडन बाई? तो नाकात हाये.”

सगळ्या बाया खदाखदा हसल्या. हीसुद्धा हसली. मी तिला ओढतच मांडवात आणलं.

ती मावशी आता लग्नांतून बट्ट्या वळायला जायची, पण एके काळी तिला दुसऱ्याच कामासाठी बोलावणं असायचं. आमच्याकडे लग्नात विहिणीची पंगत बसायची. तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली असेल. वराची आई आणि तिच्या गोतातल्या बाया पाटावर जेवायला बसायच्या आणि मुलीकडच्या बाया समोर उभ्या राहून त्यांना गाण्यातून शिव्या द्यायच्या. नाक, दात, चाल, खादाडपणा, काही म्हणून सोडायचं नाही. मुलीकडच्यांनी जन्मभर मान खाली घालायची, तेवढ्या एका जेवणापुरती ती वर करायची. नियम एकच होता. गाणं संपेपर्यंत विहिणीनं पानावरून उठायचं नाही. उठली तर हरली. आणि उठलेल्या विहिणीला परत बसवायचं तर मुलीच्या आईनंच येऊन हात धरायचा, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यानं ती बसत नाही.

मावशी ही गाणी म्हणायची. पंचक्रोशीत तिच्यापुढे भल्याभल्या विहिणी टेकीला आल्या होत्या. मग पाट गेले, बुफे आलं. हातात ताट घेऊन फिरणाऱ्या विहिणीच्या मागे मागे धावत कोण गाणं म्हणणार?

मी गमतीनं मावशीला म्हणालो होतो, “मावशी, माझ्यावर म्हणा ना एखादं.”

तिनं मला चपलेपासून टोपीपर्यंत पाहिलं. “तुमाले काऊन म्हनू? तुमी कोन आमचे? परक्याले कोनी शिव्या देत नसते, भाऊ.”

मॅडमचं गाणं तिथून पालटलं. सुट्टीच्या दिवशी ती बुलडाण्याहून एसटीनं धामणगावला जायची, मावशीच्या ओट्यावर बसून लसूण सोलायची आणि शिकायची. मग गाडीत मला सांगायची. पहिल्या दिवशी मावशीनं एक जोड दिली:

विहीणबाई आली, बसली पाटावर,
सून पाह्यते दारातून, हिचं ध्यान ताटावर.

हिनं ती सुरेल म्हटली, शेवटी एक नाजूक हरकतही घेतली. मावशी म्हणाली, “लई गोड म्हनतं तू. गोड म्हनलं तं शिवी लागत नाही, आशीर्वाद वाटते.”

“आठ वर्षं नाकातून गाऊ नको म्हणून बोलणे खाल्ले,” ती मला म्हणाली. “आता ही बुढी म्हणते, तोंडातून गाऊ नको. काय करू भाऊ, कानातून गाऊ?”

पण गात होती. गाडीत, खिडकीची काच खाली करून, नाकातून, घाटातले ट्रकवाले वळून पाहत. तिचा तो धुतलेला आवाज हळूहळू खरखरीत होत गेला. खरं सांगतो, सुरुवातीला मला ते ऐकवत नसे. एवढा चांगला गळा आणि त्यातून विहिणीच्या दातांची वर्णनं! मी तोंड वाकडं करायचो आणि ती आणखी मोठ्यानं म्हणायची.

गाणी जमवायला तिनं मोबाईल नेला, तर मावशीनं तो बाजूला ठेवायला लावला. “घरात बसून कोनाले शिव्या देऊ? भिताडाले? लगन पाह्यजे, विहीन पाह्यजे, तिच्या ताटात बट्टी पाह्यजे. नाही तं ह्या नुसत्या शिव्या होतात, बाई. तोंड खराब होते.” शिकवायला एकेक जोड द्यायची, पण सलग पंगत म्हणायची नाही. आणि पाठ केलेलं तिला चालायचं नाही. “पाठ केलेलं गानं म्हनजे कालची बट्टी. समोरची विहीन पाह्य अन् जोड.” हिला जोडता येत नव्हतं. मावशीच्या सगळ्या जोडी तोंडपाठ, पण स्वतःची एक ओळ सुचत नव्हती. ते तिला खात होतं.

मधे कुणीतरी तिला जिल्ह्याच्या ठिकाणी लोकसंगीताच्या कार्यक्रमाला नेलं. मीच शूटिंगला होतो. आयोजकांनी तिला नऊवारी नेसवली, भाड्याची नथ घातली, आणि शिव्यांच्या जागी फुलं घालायला सांगितली. विहिणीचं नाक चाफ्याची कळी, विहिणीचे दात मोगऱ्याचे. समोर पाहुण्यांचा सोफा, त्यावर एक पुढारी मोबाईल चाळत बसलेला. हिनं म्हटलं, टाळ्या पडल्या, शाल मिळाली. खाली उतरल्या उतरल्या नथ ओरबाडून काढली. नाकातून रक्ताचा थेंब आला. “भाऊ, मळमळून राह्यलं,” एवढंच म्हणाली. लवंगा त्या दिवशी दोन होत्या.

त्याचा व्हिडिओ फिरत फिरत अकोल्याला गेला. गुरुजींचा फोन आला तेव्हा ती माझ्या शेजारीच बसली होती. त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. “आठ वर्षं घासलेलं भांडं तू उकिरड्यावर नेऊन ठेवलंस.” आणि फोन ठेवला. ती खिडकीकडे तोंड करून रडली. मोताळा आलं तसं डोळे पुसून म्हणाली, “गुरुजी चूक नाहीत, भाऊ. भांडं त्यांनी घासलंच हाये. पण त्यात वाढाले काही पाह्यजे का नाही?”

मावशीला दमा होता. प्रत्येक भेटीत ती जरा आणखी लहान झालेली दिसायची, आणि तिचा सलग आवाज कुठेही नव्हता. मॅडमला दुसरं काही सुचत नव्हतं. एक खरी पंगत पाहिजे, मावशी त्यात गायली पाहिजे आणि ती कुठेतरी राहिली पाहिजे. गाडीत बसली की तोच विषय.

ती पंगत शेवटी मिळाली. मावशीच्या गल्लीतल्या मुलीचं लग्न, कार्यालय धामणगावच्या रस्त्यालाच. वराच्या आजोबांना उभ्यानं जेवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी हट्ट धरला की घरच्यांची पंगत खालीच बसवा. मॅडम धावत माझ्याकडे आली.

“भाऊ, मावशी गाणार हाये. सुरू झालं का कॅमेरा बंद करू नका. माईक जवळ ठेवा. एक ओळ सुटाले नको.”

“हाव, फिकर करू नको,” मी म्हणालो.

हे मी म्हणालो होतो, हे लक्षात ठेवा.

त्या मुलीला वडील नव्हते. लग्नाच्या सकाळी वराच्या आईनं निरोप पाठवला, की मुलीची आई विधवा आहे, तेव्हा लग्न उरकेपर्यंत तिनं समोर येऊ नये, बरं दिसत नाही. कन्यादान काका-काकूंनी केलं. मुलीकडच्या एकानंही ब्र काढला नाही. मलाही ते बॅटरी घ्यायला कोठीत गेलो तेव्हाच कळलं, कारण माझ्या पिशव्या तिथं होत्या. ती बाई नवं लुगडं नेसून कांद्याच्या पोत्यावर बसली होती. दार वीतभर उघडं. मांडवात ‘सावधान’ झालं की ती मुठीतल्या अक्षता त्या फटीकडे टाकायची. त्या दारापर्यंतही पोचत नव्हत्या, कांद्यांवर पडत होत्या. तिनं मला पाहिलं आणि ओशाळून हसली. मी बॅटरी घेऊन निघालो.

मॅडमचा माईक त्या फटीच्या बरोबर समोर होता. शेवटचं ‘सावधान’ म्हणताना तिचा आवाज फाटला. असं पहिल्यांदाच झालं होतं. लोकांना वाटलं, माईक खराब आहे.

मग पंगत बसली. वराची आई मधोमध, अंगावर दागिने ठासून, शेजारी तिच्या नणंदा-जावा, पलीकडे आजोबा. ताटात वरण-बट्टी, वांग्याची भाजी, जिलेबी. मी माईक फुलांच्या कुंडीआड ठेवला आणि कानाला हेडफोन लावला. मावशीनं पदर खोचला, एक श्वास कसाबसा ओढला, आणि त्या दमेकरी छातीतून जो आवाज निघाला तो अजून माझ्या मानेवर काटा आणतो. मॅडम आणि गल्लीतल्या बाया मागून ओळ उचलत होत्या.

विहीणबाईचं नाक, अडकित्त्याचं पान,
सुपारी सोडून कातरते सुनेचा मान.

पंगत हसली. विहीणही हसली, “अजून म्हना, अजून!” म्हणाली. चालण्यावर झालं, झोपेत घोरण्यावर झालं, नणंदेच्या पावडरवर झालं. आजोबा तर मांडीवर थाप मारून दाद देत होते. मावशीला दम लागला. ती क्षणभर थांबली, आणि तेवढ्यात मॅडमचा आवाज आला. मावशीची नसलेली ओळ. तिनं स्वतः जोडलेली पहिली:

विहीणबाई जेवते, वरण-बट्टीवर तूप,
पोरीची माय कोठीत, कांद्यापाशी चूप.

कुणी उचललीच नाही. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. विहिणीचा हात तोंडापाशी थांबला. मला वाटलं, आता मावशी सावरून घेईल, काहीतरी दातांवर-नाकावर म्हणेल. मावशीनं मॅडमकडे पाहिलं, मान हलवली, आणि पुढची जोड तिनं घातली:

तुह्या कुंकवाचा, बाई, लई तुले तोरा,
जिनं पोर देली तिले बसाले कांद्याचा बोरा.

विहीण ताडकन उठली. तुपाची वाटी लवंडली.

“उठली वं माय! हारली!” मावशी टाळी वाजवून ओरडली, आणि खोकत खाली बसली.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. वराचा मामा बाह्या सरसावून आला, “गाडी काढा, नवरी राहू द्या इथंच!” म्हणून गरजला. मुलीचा काका पांढराफटक. मॅडम भिंतीला टेकून उभी. एका ओळीपायी लग्न मोडतं की काय असंच मला वाटलं, आणि तिलाही वाटलं असणार. पण आजोबांनी काठी आपटली.

“बस रे. गानं हाये ते. उठली ना तुही बहीन? मंग रीत काय म्हनते? पोरीच्या मायले बोलवा.”

म्हाताऱ्यापुढे कुणाचं चालेना. काका कोठीकडे पळाला. ती बाई बाहेर आली, डोळे दिपल्यासारखी, पदराला कांद्याचं साल चिकटलेलं. भरल्या मांडवातून चालत पंगतीत आली, दोन्ही हातांनी विहिणीचं मनगट धरलं आणि म्हणाली, “बसा हो विहीनबाई. माह्या पोरीच्या लग्नाचं अन्न हाये. टाकू नका.”

विहीण बसली. तिला दुसरा इलाज नव्हता. त्या बाईनं तिच्या बट्टीवर स्वतःच्या हातानं तूप वाढलं. मावशी माहीत असूनच बोलली होती, हे मला तेव्हा कळलं. शिवीनं विहीण उठवायची आणि रीतीनं आईला बाहेर काढायचं. पंगतीचं शेवटचं कडवं गोड असतं, ते मावशीनं बसूनच म्हटलं, अगदी हळू. त्यात दोन्ही आयांची नावं होती आणि नवरीचंही होतं. मी हेडफोनमध्ये ते ऐकत होतो आणि माझे डोळे वाहत होते. लाज वाटली नाही.

मॅडम माझ्या तिपाईशी आली. घामानं निथळत होती. मी विचारलं, “लवंग?”

तिनं रुमाल चाचपला आणि हसली. “इसरली, भाऊ.” मग कुंडीकडे बोट करून विचारलं, “आलं ना सारं?”

“सगळं आलं,” मी म्हणालो.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना मला माझीच किळस येते. चार दिवसांनी वराच्या मामाचा फोन आला. पंगतीचं ते सगळं काढून टाका, आमच्या घरच्या बाईचा तमाशा आम्हाला घरात नको. बडा माणूस, त्याच्या नात्यातली पुढची लग्नं माझ्याकडे यायची होती. मी “हो साहेब” म्हणालो. बट्टीवर सांडणारं तूप आणि जिलेबी संथ गतीत दाखवली आणि वर एक सिनेमाचं गाणं चिकटवलं. मूळ आवाज कार्डावर आहे, तो उद्या काढून ठेवू, असं मनाशी म्हटलं. उद्या म्हणता म्हणता आठवडा गेला. काँप्युटर भरलेला, डिस्क भरलेली, सकाळी सोनाळ्याचं लग्न, रिकामं कार्ड सापडेना. जे हाताला लागलं ते घातलं. सगळं पुसायचं का, असं तो कॅमेरा विचारतोसुद्धा. मी हो दाबलं. माझ्या लक्षात आलं नाही असं लोकांना सांगत आलो. खोटं आहे ते. बटणावर बोट असताना मला मावशी आठवली होती. वऱ्हाड निघायची वेळ झाली होती, आणि मी म्हटलं, जाऊ दे, एका बुढीच्या तर शिव्या.

मावशी त्या पावसाळ्यात गेली. दिवसकार्य झाल्यावर मॅडम माझ्या दुकानात आली. हातात नवा पेनड्राइव्ह, वेष्टणही न फोडलेला.

“भाऊ, मावशीचा आवाज द्या.”

तिला वाटत होतं, तो माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. घाई नको म्हणून इतके दिवस मागितला नव्हता. मी सांगितलं. मामाचं सांगितलं, सोनाळ्याचं सांगितलं, बटणाचंही सांगितलं. ती ओरडेल, रडेल, निदान ते नेहमीचं वाक्य तरी म्हणेल म्हणून मी वाट पाहत राहिलो. तिनं पर्समधून एक लवंग काढली, गालात ठेवली आणि पायऱ्या उतरून गेली. पेनड्राइव्ह काउंटरवरच राहिला. तो अजून तसाच ड्रॉवरमध्ये आहे, त्यात काही भरायची माझी हिंमत नाही.

त्यानंतर तिनं मंगलाष्टकं सोडली. आता कार्यालयांत मोबाईलवर लावतात, कुणाचं अडत नाही. माझी गाडी घाटातून रिकाम्या सीटनिशी जाते. तिच्याबद्दल मधून मधून कानावर यायचं. कुठल्या गावच्या स्वयंपाकात लसूण सोलताना दिसली, कुठे बट्ट्या वळणाऱ्या चार बाया तिच्याबरोबर गातात. मुलीकडचे लोक आता मुद्दाम खाली पंगत बसवून त्यांना बोलावतात, असंही ऐकलं. गुरुजींनी परत फोन केला की नाही, ते ठाऊक नाही.

दोन लग्नसराया गेल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मी वराकडून शूटिंगला गेलो होतो. जेवणाच्या वेळी पाहतो तर अंगणात पाट मांडलेले, आणि समोर चार बायांच्या मधे ती. वेणी तशीच घट्ट, अंगावर साधी सुती साडी. मी सवयीनं कॅमेरा उचलला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर पदर धरून नुसती उभी राहिली. बाकीच्याही थांबल्या. मी कॅमेरा बंद केला, काचेला टोपण लावलं आणि तो खुर्चीवर ठेवला. तरी ती गाईना. मला कळेना आणखी काय पाहिजे. तेवढ्यात मुलीच्या काकानं माझा दंड धरला, “या भाऊ, तुमीबी बसून घ्या,” म्हणून शेवटच्या पाटावर बसवलं. पुढ्यात पान आलं, वरण आलं, बट्टी आली.

मग तिनं पदर काढला. तोंडात लवंग नव्हती. सूर लावला तो थेट नाकातून. शपथेवर सांगतो, मला क्षणभर मावशीच वाटली. विहीण झाली, विहिणीची जाऊ झाली, मामी झाली. पंगत हसून लोळत होती. मग ती सरकत सरकत पाटांच्या टोकाशी आली, माझ्या पानासमोर उभी राहिली, आणि नाव न घेता म्हणाली:

फोटूवाल्या भावाचं पोट लई मोठं,
मावशीचा गळा गिळला, ढेकर देल्ला कोठं?

पंगतीत हशा पिकला. यातलं खरं काय ते त्यांना कुणालाच माहीत नव्हतं. शेजारचा म्हातारा मला कोपरानं ढोसत म्हणाला, “तुमचाबी नंबर लागला, भाऊ!” मागच्या बायांनी ओळ उचलली. एकदा, दोनदा, तीनदा. माझे कान तापले, आणि अर्धवट उठायला गुडघा वर झालाही होता.

तिनं मान किंचित हलवली. नाही म्हणून.

मी गुडघा खाली घेतला. बट्टी कुस्करली, वरणात कालवली आणि खाऊ लागलो. ती तिथंच उभी राहून गात होती, आणि पान पुसून होईपर्यंत मी उठलो नाही.